‘मॅडम, ह्यात घर चालतं का?’ : सामाजिक कामात जाऊ पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. मुलीचं नाव बदललं आहे. इथे तिला सुवर्णा म्हणू. गाव, संस्था, कारखाना आणि बाकीची माणसं ओळखू येतील असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. मजकूर सुवर्णाला आणि तिच्या आईवडिलांना वाचून दाखवला. त्यांनी नको म्हटलेल्या गोष्टी गाळल्या. मी त्या महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम पाहते. ‘सामाजिक क्षेत्रात जायचंय’ म्हणणारी मुलं ज्या शिक्षकांकडे आणि कार्यकर्त्यांकडे येतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

सुवर्णा तेव्हा बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होती. आईवडील ऊसतोड कामगार. जमीन दीड एकर, कोरडवाहू. दसरा-दिवाळी उरकली की बिऱ्हाड बांधायचं, पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या तळावर खोपी घालायची आणि मार्च-एप्रिलला परतायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, पावसाळ्यातच उचल (आगाऊ रक्कम) घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. सुवर्णाची पहिली काही वर्षं निम्मी फडावर, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या शेतात, निम्मी आजीजवळ गेली. पुढे गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं, आईवडील हंगामाला गेल्यावरही तिथे दोन वेळचं जेवण मिळू लागलं, म्हणून शाळा टिकली. धाकटा भाऊ अकरावीत.

दुसऱ्या वर्षाला असताना ती आमच्या श्रमसंस्कार शिबिराला आली. सात दिवसांचं शिबीर, सकाळी शोषखड्डे आणि दुपारी घरोघर सर्वेक्षण. फॉर्ममध्ये ‘शाळाबाह्य मुले’ असा एक रकाना होता. बाकीची मुलं त्यात आकडा टाकून पुढच्या घराकडे वळत. सुवर्णा तिथेच उकिडवी बसायची आणि विचारायची, ‘फडावर पोरगी दिवसभर काय करती? धाकट्याला सांभाळती का वाढं गोळा करती?’ (वाढं म्हणजे उसाचे शेंडे, गुरांचा चारा.) मिळालेली उत्तरं ती फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून आणायची. शिबिरात पाहुणे म्हणून एका स्थानिक संस्थेचे प्रमुख आले होते. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. स्थलांतरित मुलांसाठी त्यांची संस्था बरीच वर्षं काम करते. त्यांनी ते कागद उलटे करून वाचले आणि तिथल्या तिथे म्हणाले, ‘बी.ए. झाली की आमच्याकडे ये.’

तेव्हापासून सुवर्णाच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं.

अडचण

तिसऱ्या वर्षी जानेवारीत महाविद्यालयात एक व्याख्यान झालं. वक्ते ज्येष्ठ होते, त्यांचं काम मोठं आहे आणि बोलणंही मनापासून होतं. मुलं भारावली. शेवटी ‘समाजासाठी आयुष्य कोण देणार?’ असं विचारल्यावर निम्म्या सभागृहाने हात वर केले. सुवर्णाचाही हात वर होता.

कार्यक्रम संपल्यावर ती व्हरांड्यात थांबली. सगळे गेल्यावर जवळ येऊन म्हणाली, ‘मॅडम, ह्यात घर चालतं का?’ आणि मी काही बोलायच्या आत तिनेच जोडलं, ‘असं विचारणं चुकीचंय ना?’

या प्रकरणाचं मूळ त्या दुसऱ्या वाक्यात आहे. पगाराचा प्रश्न विचारला तर आपण या कामाच्या लायकीचे नाही असं ठरेल, ही भीती मुलांना असते. पगाराचं बोललं तर मुलं पळून जातील, ही भीती मोठ्यांना असते. दोन्ही बाजू गप्प बसतात आणि त्या शांततेत सगळ्यात जास्त भरडली जाते ती ज्या घरात पगार कधी आलाच नाही त्या घरची मुलगी. बापाला निवृत्तिवेतन असलेला मुलगा ‘वर्षभर करून तर बघू’ म्हणू शकतो. सुवर्णाच्या घरी एक वर्ष म्हणजे एक हंगाम, आणि एक हंगाम म्हणजे एक उचल.

वेळही थोडा होता. भाऊंच्या संस्थेत जूनपासून रुजू व्हायचं होतं. पुण्यातली चुलत बहीण ‘आधी इकडे ये, स्पर्धा परीक्षेचा क्लास लाव’ म्हणत होती. आजीने एक स्थळ आणलं होतं. आणि आईवडील होते दोनशे-अडीचशे किलोमीटर लांब, तळावर.

समोरचे पर्याय

संस्थेची नोकरी हा पहिला आणि तिच्या मनातला पर्याय. काम माहितीचं, गाव जवळ. पगार किती, हे मात्र ना तिने विचारलं होतं ना भाऊंनी सांगितलं होतं.

पुण्याचा मार्ग आमच्या भागातल्या प्रत्येक मुलासमोर असतो. सदाशिव पेठेच्या आसपास कॉटबेसिसवर राहायचं, मेस लावायची, अभ्यासिकेत जागा धरायची. बहिणीने सांगितलेला महिन्याचा खर्च आठ ते दहा हजारांचा होता, क्लासची फी वेगळी. जागा निघतात कधी, निकाल लागतो कधी, कशाचाच भरवसा नाही. तिथे वर्षानुवर्षं अडकून पडलेली आमचीच मुलं मी पाहिली आहेत. तरीही त्या मार्गाला नाकं मुरडणं बरं नाही. सरकारी नोकरीने या भागातल्या कितीतरी घरांचा कोयता सुटला आहे.

तिसरा पर्याय एम.एस.डब्ल्यू.चा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा. दोन वर्षं, त्यात आठवड्याचे ठरावीक दिवस क्षेत्रकार्य. टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. तिथला पदव्युत्तर प्रवेश आता सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो आणि त्या परीक्षेचा अर्ज पदवीचा निकाल लागायच्या कितीतरी आधी भरावा लागतो. ग्रामीण मुलांची संधी बहुतेक वेळा इथेच हुकते. राज्यात अनुदानित समाजकार्य महाविद्यालयंही आहेत. तिथली फी कमी, पण राहण्या-जेवणाचं काय? भारत सरकार शिष्यवृत्ती मिळते, फक्त ती मेसच्या तारखेला मिळत नाही. पदवीचा उपयोग मात्र खरा आहे. सरकारी रुग्णालयातलं समाजसेवा अधीक्षकाचं पद असो, समुपदेशकाचं असो की बाल संरक्षण कक्षातलं, समाजकार्याची पदवी असलेल्याला तिथे दार उघडं असतं.

फेलोशिपचाही विचार झाला. टीच फॉर इंडिया २००९ पासून मुंबई-पुण्यातल्या शाळांत दोन वर्षांसाठी पदवीधर पाठवतं. गांधी फेलोशिपही दोन वर्षांचीच. मुख्यमंत्री फेलोशिपला एक वर्षाचा अनुभव लागतो, म्हणजे ती लगेच शक्य नव्हती. यांची विद्यावेतनं गावातल्या संस्थेच्या पगारापेक्षा बरी असतात. अडथळा इंग्रजीतल्या मुलाखतीचा, आणि दोन वर्षांनंतर पुढे काय, हा प्रश्न उरतोच.

लग्नाला ती ‘पर्याय’ म्हणायला तयार नव्हती. घरच्यांसाठी तो होता, म्हणून यादीत ठेवला.

पहिला निर्णय : तिने कोणाशी बोलायचं

सोपं होतं ते भाऊंकडे नेऊन बसवणं किंवा माझ्या परीने सल्ला देणं. मी दोन्ही टाळलं. मला महिन्याला कायम पगार मिळतो. मी या क्षेत्राबद्दल बोलले तरी ते बाहेरून असेल. भाऊंना माणूस हवा होता, म्हणजे तेही त्रयस्थ नव्हते. म्हणून ठरवलं की ज्यांनी हे काम करून पोट भरलं आहे, आणि ज्यांनी ते सोडलं आहे, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांशी तिचं बोलणं घडवायचं. सोडून गेलेल्यांना आपण कधीच बोलावत नाही. खरं तर सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याकडे असते.

पद्धत साधी होती. एका वेळी एकच माणूस. माईक नाही, हार नाही, फोटो नाही. विभागातल्या खोलीत चहा घेत बोलायचं. येणाऱ्याला आधीच फोनवर सांगून ठेवलं की तीन गोष्टी मुलगी विचारेलच : आज हातात किती पडतात, ते पैसे कोण देतं आणि कधीपर्यंत देणार, घरचं कसं भागतं. हे ऐकून दोघांनी नकार दिला. जे आले ते मोकळेपणाने बोलले. एकाने तर जाताना सांगितलं, की इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच कोणी विचारलं.

सुवर्णासोबत तिच्या दोन वर्गमैत्रिणीही बसल्या. तिघी असल्यामुळे प्रश्न विचारायचं धाडस वाढलं.

काय बोलणं झालं

पहिले आले ते एक क्षेत्र समन्वयक दादा. आठ वर्षं या कामात, पगार बावीस हजार. आठ वर्षांत तीन संस्था झाल्या. मध्ये पाच महिने काहीच नव्हतं, तेव्हा बायकोच्या शिलाईवर घर चाललं. संस्था का बदलल्या, हे त्यांनी मुलींना नीट समजावलं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं आणि गावोगाव सीएसआरचे प्रकल्प आले. पण त्याच नियमांत ‘चालू प्रकल्पा’ची मुदत सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं धरली आहे. ‘म्हणजे कंपनी चांगली असो की वाईट,’ दादा म्हणाले, ‘माझ्या नोकरीची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली असते. गावाला मी सांगतो, आम्ही तुमच्यासोबत आहोत. आणि मला माहीत असतं कधीपर्यंत.’

एका मैत्रिणीने विचारलं, मग तुम्ही सोडत का नाही? ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘मला हे काम येतं. आणि आवडतं. बावीस हजारात मी खूश आहे असं मात्र लिहू नका.’

दुसरे गृहस्थ ‘उमेद’मध्ये प्रभाग समन्वयक. राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान २०११ ला सुरू झालं, बचत गटांचं एवढं मोठं जाळं उभं राहिलं, पण ते उभं करणारे बहुतेक लोक कंत्राटीच राहिले. सरकारी शिक्का असला म्हणजे नोकरी कायम असते, हा मुलींचा समज तिथे गेला. त्यांचं बोलणं थोडक्यात आटोपलं, कारण त्यांना बैठकीला जायचं होतं.

तिसऱ्या भेटीने सगळं प्रकरण फिरवलं. आलेल्या ताई सहा वर्षं एका संस्थेत याच विषयावर, म्हणजे स्थलांतरित मुलांच्या शिक्षणावर काम करत होत्या. मग परीक्षा दिली आणि आता अंगणवाड्यांच्या मुख्यसेविका आहेत. सोडण्याचं कारण त्यांनी आडवळण न घेता सांगितलं : पगार वेळेवर नव्हता, सासूचं आजारपण निघालं, आणि संध्याकाळी वस्त्यांवरून एकटीने गाडी चालवत परतताना दोनदा वाईट अनुभव आला. संस्थेने काय केलं, असं सुवर्णाने विचारल्यावर म्हणाल्या, ‘काळजी घे म्हणाले.’ तिघींनीही ते वहीत लिहून घेतलं. पुढे नोकरी बघताना विचारायचा एक प्रश्न तयार झाला : उशीर झाला तर आणायला कोण येणार?

मग ताईंनीच विचारलं, ‘तुझ्या वडिलांचा मुकादम कोण?’

सुवर्णाने नाव सांगितलं. ताईंना ते माहीत होतं. त्या म्हणाल्या, ‘भाऊंच्या संस्थेत तू लागलीस तर पहिलं काम काय येईल? दसऱ्याच्या आधी वाड्या-तांड्यांवर जाऊन आईबापांना सांगायचं, पोरांना फडावर नेऊ नका, वसतिगृहात ठेवा. पोरगी मागे राहिली की धाकट्याला सांभाळायला कोणी नाही, मग बाईचा कोयता मंदावतो. मुकादमाला ते नको असतं. तो तुझ्याशी भांडणार नाही. तो तुझ्या बापाला विचारणार, पोरीला आवरा म्हणून. आणि तुझ्या बापाच्या अंगावर त्याची उचल आहे.’

खोलीत कोणीच काही बोललं नाही. सुवर्णा बाटलीचं झाकण लावत-काढत बसली होती. मग हळूच म्हणाली, ‘हे मला माहीत होतं. पण असं जोडून कधी बघितलं नव्हतं.’

सामाजिक कामाबद्दल मुलांशी बोलताना आपण नकळत असं धरून चालतो की मुलगा किंवा मुलगी त्या प्रश्नाच्या बाहेर उभी आहे आणि आत जाणार आहे. शहरातून आलेल्या फेलोसाठी ते खरं असेल. सुवर्णा आतच होती. ज्या गावांत ती काम करणार, तिथलीच माणसं तिच्या घरच्यांना कर्ज देणार आणि वसूल करणार. हा धोका पगारापेक्षा मोठा होता आणि कोणत्याही करिअर मार्गदर्शनाच्या तक्त्यात त्याला जागा नव्हती.

दुसरा निर्णय : भाऊंना समोरासमोर विचारायचं का

यावर मी बराच विचार केला. भाऊंची संस्था आमच्या शिबिराला दरवर्षी मदत करते. त्यांना विद्यार्थिनीसमोर पगार विचारणं म्हणजे संबंध ताणणं. मी एकटीने जाऊन विचारून येणं हाही मार्ग होता. पण मग सुवर्णा पुढच्या नोकरीच्या वेळीही कोणाला तरी पुढे घातल्याशिवाय हा प्रश्न विचारू शकली नसती. म्हणून तिनेच विचारायचं ठरलं. मी फक्त सोबत गेले.

भाऊ आधी दुखावले. ‘पैशासाठी येणारी माणसं आमच्याकडे टिकत नाहीत,’ म्हणाले. सुवर्णाचा आवाज कापत होता, तरी ती बोलली : ‘भाऊ, मी पैशासाठी येत नाहीये. पण माझ्या घरी दुसरा पगार नाही.’

ते उठले, कपाटातून अंदाजपत्रकाची फाईल काढली आणि तिच्यासमोर ठेवली. वसतिगृह समन्वयक : मानधन बारा हजार, प्रवास दीड हजार, अकरा महिने. भविष्य निर्वाह निधी नाही, कारण तो कायदा वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागतो आणि इथे सगळे मिळून चौदा. भाऊंचं स्वतःचं मानधनही त्याच कागदावर होतं. ते पाहून मीही चकित झाले, इतकं ते कमी होतं.

आधी असं नव्हतं, ते म्हणाले. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेला परदेशी देणगी यायची आणि त्यातला वाटा इकडे यायचा. २०२० मध्ये परकीय देणगी कायदा बदलला. एका संस्थेने परदेशी पैसा दुसरीला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. वरून येणारा तो नळच बंद झाला. आता जो सीएसआरचा पैसा मिळतो त्यात मुलांच्या जेवणाला पैसे आहेत, माणसांच्या पगाराला मागितले की समोरचा माणूस भुवया उंचावतो.

मुकादमाचा मुद्दा सुवर्णाने काढला तेव्हा भाऊ गप्प झाले. मग म्हणाले, ‘तुझ्या गावाकडचा भाग तुला देणार नाही. दुसऱ्या तालुक्यात दे म्हणशील तर देईन.’ हे त्यांनी आधी सुचवलं नव्हतं. विचारल्यावर मात्र लगेच मान्य केलं.

तिसरा निर्णय : घरच्यांशी कधी आणि कसं बोलायचं

सुवर्णाचं मत होतं की ठरवून टाकावं आणि मग आईवडिलांना सांगावं. मला ते पटलं नाही. उचल त्यांच्या अंगावर, ताण त्यांच्यावर, मग विचारविनिमयातून ते बाहेर का? शेवटी फोन लावला. रात्री नऊ वाजून गेले होते. गाडी भरून ते नुकतेच खोपीवर आले होते. मागे ट्रॅक्टरचा आवाज आणि कुणाचं तरी पोर रडत होतं.

मी कागदावरचे सगळे आकडे वाचून दाखवले. वडिलांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, ‘मॅडम, आम्ही दोघं रोजाला दोन टन तोडतोत. टनाला आता साडेतीनशेच्या वर भाव हाय. तुम्हीच करा हिशेब. अन् शिकून-सवरून पोरगी बारा हजारावर?’

२०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, त्यानंतरचा हा हिशेब. महिनाभर खाडा न करता तोडलं तर वीस हजारांच्या वर जातो. अर्थात तो सहा महिन्यांपुरता, दोन माणसांचा, आणि उचलीतून आधीच वळता झालेला. हे मला दिसत होतं आणि त्यांनाही. पण बाप म्हणून त्यांचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, ‘काका, तुमचं बरोबर आहे. म्हणूनच आधी विचारते आहे.’

आईने फोन घेतला. तिला पगारात रस नव्हता. तिने एवढंच विचारलं, ‘पोरीला कोयता हातात घ्यावा लागणार न्हाई ना?’ मी म्हटलं, नाही मावशी, यातल्या कुठल्याच रस्त्याने नाही. ‘मग तिला काय ते करू द्या,’ असं म्हणून तिने फोन परत नवऱ्याकडे दिला.

वडिलांनी दोन अटी घातल्या. मुकादमाच्या गावांत काम नको. आणि दोन वर्षांत काय होणार ते त्यांना आकड्यात कळलं पाहिजे.

काय ठरलं

सुवर्णाने वहीचं एक जोडपान घेतलं आणि प्रत्येक पर्यायाचा महिन्याचा हिशेब मांडला : खोली, मेस, पेट्रोल किंवा एसटी, रिचार्ज, आजीच्या गोळ्या, भावाची फी. नोकरीच्या रकान्यात महिनाअखेर अठराशे रुपये उरत होते, म्हणजे घरी पाठवायला जवळपास काहीच नव्हतं. पुण्याच्या रकान्यात तूट. एम.एस.डब्ल्यू.च्या रकान्यात मुलींचं शासकीय वसतिगृह मिळालं तर शून्याच्या आसपास, नाही मिळालं तर तूट. शेवटच्या ओळीत तिने प्रत्येकापुढे लिहिलं होतं, ‘तीन वर्षांनी माझ्याकडे काय असेल?’ नोकरीपुढे ‘अनुभव’, पुण्यापुढे प्रश्नचिन्ह, एम.एस.डब्ल्यू.पुढे ‘पदवी आणि दुसऱ्या जिल्ह्यात जाता येईल’.

तिने एम.एस.डब्ल्यू. निवडलं. सोबत भाऊंशी बोलून घेतलं की परीक्षेनंतरचे दोन महिने ती दुसऱ्या तालुक्यात त्यांच्या सर्वेक्षणाचं काम करेल, ठरलेल्या पैशांत आणि पत्रावर लिहून. तुळजापूरसाठी अर्जाची मुदत गेली होती. राज्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला.

पुढे काय झालं

पहिलं सत्र कठीण गेलं. शासकीय वसतिगृहाची यादी उशिरा लागली आणि शिष्यवृत्तीचा हप्ता त्याहून उशिरा आला. मधले महिने तिने सर्वेक्षणाच्या पैशांवर आणि आमच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या उसन्या रकमेवर काढले. ती रक्कम तिने परत केली. दुसऱ्या वर्षी क्षेत्रकार्यासाठी तिने रुग्णालयाचा समाजसेवा विभाग मागून घेतला. फडावरून आजारी पडून आलेल्या बाया तिला तिथेही भेटतात, आणि तिथे तिला कोणत्याही मुकादमाला तोंड द्यावं लागत नाही. समाजसेवा अधीक्षकाच्या जाहिरातीकडे ती लक्ष ठेवून आहे. आईवडील अजूनही हंगामाला जातात.

तिच्यासोबत बसणाऱ्या मैत्रिणींपैकी एकीने पोलीस भरतीची तयारी सुरू केली. दादांचं बोलणं ऐकून तिने ठरवलं की आपल्याला हे झेपणार नाही. तिला वेळेत कळलं, याचं मला समाधान आहे. दुसरी भाऊंच्या संस्थेत रुजू झाली, बारा हजारांवर, सगळं माहीत असताना. तिचं घर गावातच आहे, वडील शिक्षक आहेत. तिच्यासाठी तो निर्णय योग्य होता. तोच निर्णय सुवर्णासाठी चुकीचा ठरला असता.

भाऊंनी यंदाच्या जाहिरातीत मानधन, मुदत आणि पैसा कुठून येतो हे तिन्ही छापलं. अर्ज कमी आले, पण मुलाखतीला आलेल्यांपैकी कोणी मधेच सोडून गेलं नाही असं त्यांनी सांगितलं.

वेगळं काय करता येईल

सगळ्यात मोठा मुद्दा वेळेचा. ही बोलणी जानेवारीत झाली, तेव्हा आईवडील तळावर होते आणि उचल अंगावर चढलेली होती. उचल किती घ्यायची हे पावसाळ्यात ठरतं. मुलीचा रस्ता त्याआधी बोलून झाला तर घर कमी उचल घेण्याचा विचार तरी करू शकतं. प्रवेशाच्या अर्जांचंही तेच. सीयूईटीची तारीख कळली तेव्हा ती उलटून गेली होती.

मुकादमाचा प्रश्न ताईंना सुचला तो त्या याच भागातल्या म्हणून. दुसऱ्या कोणाला तो सुचला नसता. म्हणजे बोलावायच्या माणसांत त्याच समाजातून आलेलं, त्याच प्रश्नावर काम केलेलं एक माणूस असलंच पाहिजे. फासेपारध्यांच्या मुलाशी बोलायला फासेपारध्यांमधला कार्यकर्ता लागेल, मच्छीमाराच्या मुलीशी बोलायला किनाऱ्यावरची बाई. नुसता अनुभवी माणूस पुरत नाही.

सुरक्षिततेचं बोलणं ताईंच्या तोंडून योगायोगाने निघालं. ते तीन ठरलेल्या प्रश्नांत नव्हतं. आता चौथा प्रश्न म्हणून ते घातलं आहे आणि मुलग्यांच्या गटातही तो विचारला जातो.

एका गोष्टीवर अजून माझं मन ठरलेलं नाही. भाऊंसमोर सुवर्णाला बोलू दिलं, ते तिच्या हिताचं झालं. पण भाऊ भले गृहस्थ होते. दुसऱ्या एखाद्या संस्थाप्रमुखाने तिचं नाव मनात धरून ठेवलं असतं तर? लहान तालुक्यात अशी माणसं चार-पाचच असतात. काही विद्यार्थ्यांसाठी शिक्षकाने आधी एकट्याने विचारून घेणं हेच बरं असेल. ते प्रत्येक वेळी मुलगी आणि समोरचा माणूस पाहून ठरवावं लागेल.

यंदा तिसऱ्या वर्षाच्या मुलांची ही बैठक जुलैत ठेवली आहे, आणि पालकांना रविवारी बोलावलं आहे, कारण त्या महिन्यात ते गावात असतात. त्यांच्या येण्या-जाण्याचं एसटी भाडं कुठल्या खात्यातून द्यायचं, यावर प्राचार्यांशी बोलणं चालू आहे.